परवान्यावरचं दुसरं नाव

सुमित्रा खोतला सापांची भयंकर भीती वाटायची. अकरा वर्षांत ती स्वतःच्या घराच्या तळघरात जिन्याच्या चौथ्या पायरीखाली कधी उतरली नाही. कपडे धुण्याचं मशीन खाली होतं, ते तिने हट्ट करून वर स्वयंपाकघराशेजारी आणवलं. टीव्हीवर साप दिसला तरी ती पाय वर घेऊन बसायची. आणि टाउनशिपच्या दप्तरात मात्र याच सुमित्राची नोंद होती: विषारी साप हाताळण्याचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती, क्रमांक दोन.

क्रमांक एक म्हणजे अर्थातच तिचा नवरा, एकनाथ. हा बत्तीस शिराळ्याचा. नागपंचमीला जिथे एकेकाळी जिवंत नागांच्या मिरवणुका निघायच्या, त्या गावात वाढलेला. सोळाव्या वर्षी तो नुसत्या हाताने नाग धरायचा आणि धरलेला नाग मडक्यात घालून, वर फडकं बांधून, शांतपणे चहा प्यायला बसायचा. पुढे शिकला, अमेरिकेत आला, औषधांच्या कारखान्यात वजनकाटे आणि मापं तपासण्याच्या कामाला लागला. एडिसनच्या दोन खोल्यांत सोळा वर्षं निमूट राहिला. मग नदीपलीकडच्या राज्यात तळघर असलेलं घर घेतलं आणि दुसऱ्याच महिन्यात तो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका जत्रेला गेला. तिथे टेबलांवर प्लॅस्टिकचे पारदर्शक डबे मांडलेले, मिठाईच्या दुकानात बर्फी ठेवावी तसे, आणि प्रत्येक डब्यात एक साप. त्यातल्या एका डब्यात चष्म्याचं चिन्ह असलेला नाग होता.

घरी येऊन तो सुमित्राला म्हणाला होता, "जन्म इकडचा, फ्लोरिडाचा, पण मूळ आपल्याकडचं. आपल्या आन्यासारखाच." आन्या त्यांची मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची. ती खूप हसली. सुमित्रा हसली नाही. त्या नागाचं नाव पडलं रावसाहेब. पुढे आणखी दोन खुळखुळे साप, म्हणजे इकडचे रॅटलस्नेक, आले, पण जीव रावसाहेबांवर.

या देशात सापांचा कायदा म्हणजे एक अजब प्रकरण आहे. एका राज्यात घरात विषारी साप सापडला तर बेड्या, आणि दुसऱ्या राज्यात कुत्रा पाळायला लागतो तेवढाही कागद लागत नाही. त्यांच्या टाउनशिपमध्ये सुरुवातीला काहीच नव्हतं. मग तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या कुणाचा तरी साप पळाला, तो शेजारणीच्या गॅरेजमध्ये सापडला, सभा झाली, आरडाओरडा झाला आणि नियम आले. सापांसाठी वेगळी खोली हवी, भिंती पक्क्या हव्यात, खिडकी नको. दार कुलपाचं हवं आणि त्याला काच हवी, म्हणजे उघडण्याआधी आत बघता येईल. बाहेर लाल अक्षरांत पाटी, सापांची नावं, विषावरचं औषध, अँटिव्हेनम, कुठल्या प्राणिसंग्रहालयात मिळेल त्याचा पत्ता. आणि घरात प्रशिक्षित माणसं दोन हवीत, प्रत्येकाला शंभर तासांचा सराव हवा. एक जण आत असताना दुसऱ्याने घरात थांबायचं, म्हणजे काही झालंच तर साप पकडून बंद करायला कुणीतरी असेल. नियम शहाण्या माणसाने केलेला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

एकनाथने दुसरा माणूस शोधला नाही असं नाही. महाराष्ट्र मंडळात चारचौघांना विचारलं. नकुल देवस्थळी त्याचा जुना दोस्त, तोसुद्धा हात जोडून म्हणाला, यार, ही विषाची परीक्षा मला नको. मग राहिली घरातली बायको. आणि बायकोचं नाव कागदावर घालणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. एकनाथची थोरली वहिनी पाच वर्षं गावची सरपंच होती. राखीव जागा होती म्हणून तिचं नाव, कारभार सगळा भावाचा. वहिनीने पंचायतीचं ऑफिस पाहिलं ते फक्त पंधरा ऑगस्टला, झेंड्याच्या दोरीला हात लावायला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. वहिनीलाही नाही.

तसंच हे. सुमित्राने सही केली. शंभर तासांच्या सरावाची वही एकनाथ दर रविवारी जेवण झाल्यावर भरायचा. स्वतःच्या नोंदी निळ्या पेनाने, तिच्या काळ्या. सुमित्रा: पिंजऱ्याची सफाई, दीड तास. सुमित्रा: हुकाने उचलणे, एक तास. घाई केली नाही, एका दिवसात वही रंगवली नाही. चौदा महिने लावून शंभर तास पुरे केले. मापं तपासणारा माणूस, खोटेपणातही शिस्तीचा. त्या तासांत सुमित्रा वर भांडी घासत असायची.

तपासणीला वर्षातून एकदा कोवाल्स्की नावाचा माणूस यायचा. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, गुडघे दुखणारा, भला माणूस. खाली जाऊन एकनाथबरोबर खोली बघायचा आणि वर येऊन सुमित्राच्या हातचा आल्याचा चहा प्यायचा. चहा पिता पिता तिला प्रश्न विचारायचा आणि ती पाढे म्हणावेत तशी उत्तरं द्यायची. हुक कुठे आहे? दाराच्या उजवीकडे. साप सुटला तर? दार बंद, कुणाला आत सोडायचं नाही. घरात प्रशिक्षित माणूस कायम असतो का? "येस सर. ट्रेन्ड हँडलर ऑन साइट. टू." हे सगळं एकनाथने तिच्याकडून घोकून घेतलेलं. पाठ करून पास होणं ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या, ती तिथे उपयोगी पडली. कोवाल्स्कीने एकदाच तिला खाली येऊन दाखवायला सांगितलं, तेव्हा एकनाथ म्हणाला, तिचं मनगट दुखावलंय. कोवाल्स्कीने मान हलवली आणि अजून अर्धा कप चहा मागितला.

एकनाथची ताकीद होती की गणवेशातल्या कुणीही विचारलं, फोनवर विचारलं, तरी हेच सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर परवाना जाईल आणि रावसाहेबांना घेऊन जातील. एकदा सुमित्राने विचारलं होतं, तुम्हालाच चावला तर? तो इतका हसला की तिला आपणच वेड्यासारखं काहीतरी बोललो असं वाटलं.

ऑक्टोबरातला शनिवार होता. सकाळचे दहा वाजून गेलेले. सुमित्रा थालीपीठं लावत होती आणि एकनाथ पाण्याची भांडी बदलायला खाली गेला होता. कोवाल्स्की असला की तो हुक वापरायचा. एरवी रावसाहेबांना हातानेच उचलायचा, बोलत बोलत, लहान मुलाला उचलावं तसा. त्या दिवशीही तसंच उचललं असणार. सुमित्राला आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग हाक आली, "सुमे!"

एरवी तो तिला 'अगं' म्हणायचा. सुमे म्हटलं होतं ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, आणि आन्याच्या वेळी ती अडली होती तेव्हा. ती धावली. चौथी पायरी कधी मागे पडली ते तिला कळलंच नाही.

दाराच्या काचेतून तिने पाहिलं. एकनाथ समोरच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता, उजवा हात डाव्या हाताने मनगटापाशी धरलेला. आणि दार आणि तो यांच्या मधोमध, मोकळ्या जमिनीवर, नाग फणा काढून बसला होता. हुक दाराच्या उजवीकडे बाहेर टांगलेला, नियमाप्रमाणे. एकनाथजवळ काहीच नव्हतं.

"चावलं," तो आतून म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "नाइन वन वन लाव. पाटीवरचं वाच."

तिने फोन लावला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला, नाव विचारलं, कुठला साप ते विचारलं. सुमित्राने लाल अक्षरं वाचून दाखवली. रुग्ण शुद्धीत आहे का, आहे. साप बंद केलेला आहे का, नाही. मग त्या बाईने विचारलं, घरात प्रशिक्षित हाताळणारा माणूस आहे का?

सुमित्राने विचार केला नाही. विचार करायची वेळच आली नाही, उत्तर आधीच तोंडात होतं. "येस," ती म्हणाली. "ट्रेन्ड हँडलर ऑन साइट. टू."

त्या बाईच्या समोरच्या पडद्यावरही तेच लिहिलेलं असणार. कागद आणि माणूस एकच सांगत होते, मग शंका घ्यायची कुणी? नाही म्हटलं असतं तर त्याच क्षणी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सर्प केंद्रातला माणूस निघाला असता. हे सुमित्राला नंतर कळलं.

नऊ मिनिटांत अग्निशमन दलाची गाडी आली. सहा माणसं खाली उतरली, सोबत स्ट्रेचर, ऑक्सिजन, पेट्या. त्यांचा कॅप्टन चाळिशीचा होता. त्याने काचेतून पाहिलं, मागच्यांना थांबायची खूण केली आणि भिंतीवरचा हुक काढून सुमित्राच्या हातात दिला. अगदी अदबीने म्हणाला, मॅडम, तुम्ही साप बंद करा, आम्ही लगेच आत जातो.

हुक हलका होता. तिला वाटलं होतं तो जड असेल. तिने एक हात कडीवर ठेवला. काचेपलीकडे नाग तिच्याकडे वळला, म्हणजे तिला तरी तसं वाटलं. पण तिने कडी सोडली नाही. उघडणार होती ती. हे कुणी तिला श्रेय म्हणून दिलं नाही आणि तिने मागितलंही नाही, पण ती उघडणार होती.

"सुमे, आत येऊ नकोस," एकनाथ म्हणाला. "तुला येत नाही." आणि मग मोठ्याने, कॅप्टनला ऐकू जाईल असं, इंग्रजीत म्हणाला की तिला काही शिकवलेलं नाही, वहीतलं सगळं त्याने लिहिलंय, काउंटीच्या माणसाला बोलवा.

कॅप्टनने सुमित्राकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्याने हुक तिच्या हातातून काढून घेतला आणि रेडिओवर बोलायला लागला. सर्प केंद्रातल्या माणसाला पोचायला अडतीस मिनिटं लागणार होती.

त्यांच्यातल्या एका तरुण जवानाने फावडं उचललं होतं. कॅप्टनने त्याला अडवलं. माझ्या माणसांना मला घरी परत न्यायचंय, असं काहीसं तो म्हणाला. अग्निशामकातला थंड वायू मारावा तर साप नेमका एकनाथच्या अंगावर जाईल, आणि भिंती काँक्रीटच्या, खिडकी नाही. जे जे बाहेरच्यांच्या रक्षणासाठी केलं होतं, ते सगळं आता आतल्याच्या जिवावर उठलं होतं. तो कॅप्टन वाईट माणूस नव्हता. घामाने त्याचा चेहरा भिजला होता.

सुमित्रा काचेला कपाळ टेकून उभी राहिली. एकनाथ हळूहळू खाली बसला होता. त्याने विचारलं, फोनवर काय सांगितलंस? तिने सांगितलं.

"बरोबर सांगितलंस," तो म्हणाला. "तसंच सांगायचं होतं."

नागाचं विष रक्ताला नाही, मज्जातंतूंना धरतं. आधी पापण्या पडतात. एकनाथने मान मागे टाकून पापण्यांच्या फटीतून तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. मग जीभ जड झाली. आन्याबद्दल तो काहीतरी बोलत होता, तिला शब्द लागेनात. ती "हो, हो" म्हणत राहिली. मग बोलणं थांबलं आणि फक्त छाती हलताना दिसायला लागली. ती त्या छातीकडे बघत राहिली. कॅप्टन तिला बाजूला करायला आला तर तिने त्याचा हात झटकला. आणि मग, ती बघत असतानाच, छाती हलायची थांबली.

त्यानंतर आठ मिनिटांनी सर्प केंद्रातली बाई आली. बारकी, पांढऱ्या केसांची, रबरी बूट घातलेली. तिने काचेतून पाहिलं, दार उघडलं, हुकाने नागाला उचलून डब्यात घातलं आणि झाकण लावलं. या सगळ्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सुमित्रा हे बघत होती. शंभर तासांत जे शिकायचं असतं ते एवढंच होतं.

जवानांनी छाती दाबून दाबून हृदय परत सुरू केलं. हॉस्पिटलात अँटिव्हेनम एकनाथच्या आधी पोचलं होतं. पोलिसांच्या गाडीने ते प्राणिसंग्रहालयातून आणलं होतं, बर्फाच्या डब्यात, सगळं नियमाप्रमाणे. विष उतरलं. बोटं हलायला लागली, म्हणजे मज्जातंतू परत कामाला लागले. पण श्वास थांबलेल्या त्या मिनिटांत मेंदूचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एकनाथ मशीनवर होता आणि मशीन त्याच्यासाठी श्वास घेत होतं.

आन्या त्याच संध्याकाळी दूरच्या राज्यातल्या ईडन प्रेरीहून विमानाने आली. सव्वीस वर्षांची, एका मोठ्या कंपनीत कामाला, बापाची लाडकी. तिने डॉक्टरांना धारेवर धरलं, सगळे रिपोर्ट मागितले, रात्रभर फोनवर वाचत बसली. मंडळातली माणसं डबे घेऊन येत होती. कांचन काकू, मंडळाच्या जुन्या सेक्रेटरी, हॉस्पिटलच्या त्या बसायच्या खोलीत प्रत्येक येणाऱ्याला सांगत होत्या की सहा दांडगी माणसं दाराबाहेर उभी राहिली आणि नुसती बघत बसली. गोरा माणूस असता तर शिरले नसते का आत? ऐकणारे माना डोलवायचे. दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्यांची झाली. कुणीतरी वकिलाचा नंबर दिला.

सुमित्राने ते ऐकलं आणि ती गप्प बसली. तिला बरं वाटत होतं, हे सांगायला हवं. कुणी तिच्याकडे बोट दाखवत नव्हतं. सगळे तिला जवळ घेत होते, पाठीवरून हात फिरवत होते, आणि ती तो फिरवून घेत होती. असं दोन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघीच होत्या. आन्या लॅपटॉपवर वकिलाला काहीतरी लिहीत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आई, फॉर्टी मिनिट्स दे जस्ट स्टूड देअर. त्यांना आधीच हँडलर का नाही पाठवता आला? आय वॉन्ट द नेम ऑफ हूएव्हर मेड दॅट कॉल."

"मी," सुमित्रा म्हणाली.

आन्याला कळलं नाही. सुमित्राने सगळं सांगितलं. वही, काळं पेन, चहा पिताना दिलेली उत्तरं, फोनवरची बाई. सांगताना ती रडली नाही, तिला तो हक्क नाही असं वाटत होतं. आन्याने लॅपटॉप मिटला.

"पण तू 'हो' का म्हणालीस?" तिने विचारलं. मराठीत विचारलं. लहानपणी बोलायची तशा तोडक्या मराठीत.

"कुणी विचारलं की हो म्हणायचं, एवढंच मला येत होतं."

आन्या आईवर ओरडली असती तर सुमित्राला चाललं असतं, बरं वाटलं असतं. पण ती उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली, कितीतरी वेळ. तिने बापालाही दोष दिला नाही, निदान मोठ्याने नाही. मग तिने वकिलाला फोन लावला आणि सांगितलं की केस करायची नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टर आल्या. तरुण होत्या, थकलेल्या, बोलायला सौम्य. दोघींना एका छोट्या खोलीत बसवलं. टेबलावर नाक पुसायचे कागद आधीच ठेवलेले. डॉक्टरांनी सांगितलं की तपासण्या झाल्या आहेत, दुसऱ्या डॉक्टरांनीही पाहिलंय. मोठमोठे शब्द आले. सुमित्रा त्यांच्या तोंडाकडे बघत मान हलवत होती, तिच्या नकळत. शेवटी डॉक्टर म्हणाल्या की कागदोपत्री निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे, मिसेस खोत. मी जे सांगितलं ते तुम्हाला समजलं का?

आन्याने आईकडे पाहिलं.

"नो," सुमित्रा म्हणाली. "आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज, पुन्हा सांगा. आन्या, त्यांना सांग, मला काही समजलं नाही."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. सोपं करून, एकेक गोष्ट सांगायला लागल्या, आणि आन्या अडखळत मराठीत सांगत गेली. सुमित्राने मध्ये मध्ये थांबवलं. मशीन काढलं तर किती वेळ? त्यांना दुखेल का? ते ऐकू शकतात का? कधीच नाही म्हणजे, खरंच कधीच नाही? अर्धा तास गेला असेल. डॉक्टरांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. आन्याचा आवाज शेवटी शेवटी येईनासा झाला, तेव्हा सुमित्राने तिचा हात धरला आणि पुढचं इंग्रजीतच ऐकलं.

सगळं समजलं होतं. एकनाथने तिला कधी समजून घ्यायला सांगितलं नव्हतं, आणि आता तो नसताना, तिने स्वतःहून समजून घेतलेली पहिली गोष्ट ही होती.

"हो," ती म्हणाली. "काढा."